शेजारचं शेत राखायचं तर: वाढत्या काउंटीत राहणाऱ्या मराठी माणसासाठी

मी मेरीलँडमधल्या फ्रेडरिक काउंटीत, अर्बाना भागात राहते. वॉशिंग्टनहून आय-२७० ने वर येताना डाव्या हाताला शुगरलोफचा डोंगर दिसायला लागला की समजायचं, आमचा एक्झिट आला. आमच्या घरांच्या जागी पूर्वी शेतं होती हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही शेत वाचवायला पहिल्यांदा काउंटीच्या सुनावणीला उभे राहाल तेव्हा कोणीतरी विचारणारच, "स्वतः शेतावर बांधलेल्या घरात राहता आणि आता मागून येणाऱ्यांना दार लावता?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. घरं लागणारच, पण कुठली जमीन घरांची आणि कुठली नांगराची हे आधी ठरवा, आणि ज्याच्या जमिनीवर बंधन घालताय त्याला त्याचे पैसे द्या. या दोन्ही गोष्टींसाठी कायदे आहेत, ऑफिसं आहेत, निधी आहे. तिथे वेळेवर जाणारी माणसं मात्र कमी पडतात.

पाणी वगळून नुसत्या जमिनीच्या क्षेत्रफळाने फ्रेडरिक ही मेरीलँडमधली सर्वांत मोठी काउंटी. १९७० मध्ये इथे सुमारे ८५ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत २ लाख ७१ हजारांवर गेली. तुमची काउंटी व्हर्जिनियात किंवा पेन्सिल्व्हेनियात असेल तर नावं बदलतील, कामाचा क्रम साधारण हाच राहील. एक फरक मात्र लक्षात ठेवा: मेरीलँड आणि व्हर्जिनियात झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, बहुतेक काउंटीच्या हातात असतं, पेन्सिल्व्हेनियात ते टाउनशिपकडे, म्हणजे काउंटीतल्या छोट्या स्थानिक कारभाराकडे असतं. लँकेस्टरला राहून काउंटीच्या दारात भांडत बसलात तर चुकीचं दार ठोठावताय.

आधी कागद बघा

सातबारा ऑनलाइन बघायची सवय असलेल्या माणसाला इथली व्यवस्था पटकन कळते. राज्याच्या मालमत्ता-कर खात्याच्या (सगळे त्याला 'एसडॅट' म्हणतात) साइटवर पत्ता टाका. मालक कोण, एकर किती, शेवटची विक्री कधी आणि कितीला, कर कुठल्या वर्गात, सगळं फुकट दिसतं. जुनी खरेदीखतं 'एमडी लँडरेक'वर खातं उघडून वाचता येतात, त्यालाही पैसे पडत नाहीत.

मालकाच्या रकान्याकडे नीट बघा. तीन पिढ्यांचं आडनाव जाऊन तिथे एखादी एलएलसी (खासगी कंपनी) आली असेल तर जमीन हलायला लागली आहे. मका उभा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बिल्डरने घेतलेली जमीनसुद्धा शेजारच्या शेतकऱ्याला वर्षाच्या बोलीवर करायला दिलेली असते, कारण पीक निघतंय तोवर तिला शेतजमिनीचा कर लागतो. मेरीलँडमध्ये शेतीच्या वापरातल्या जमिनीचं करासाठीचं मूल्य एकरी फार तर पाचशे डॉलरच्या आसपास धरतात. तीच जमीन बाजारात हजारो डॉलर एकर असते. बिल्डर हा फायदा कशाला सोडेल?

मग झोनिंगचा नकाशा. आमच्याकडे 'अ‍ॅग्रिकल्चरल' झोनमध्ये १८ ऑगस्ट १९७६ रोजी जो मूळ तुकडा होता, त्यातून साधारणपणे तीन प्लॉट आणि उरलेली जमीन, एवढंच पाडता येतं. म्हणजे तुमच्या मागच्या दोनशे एकरांतून किती घरं निघू शकतात हे त्या तारखेनंतर किती तुकडे पडले यावर ठरतं. ते खरेदीखतं चाळल्याशिवाय कळत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारी होतं, आणि त्यानंतर सुनावणीत तुमच्याशी कोणी मोघम बोलू शकत नाही.

माती बघायला सरकारचं 'वेब सॉइल सर्व्हे' आहे. नकाशावर शेताभोवती चौकोन काढायचा, मग 'फार्मलँड क्लासिफिकेशन' निवडायचं. हिरव्या पट्ट्यात 'प्राइम फार्मलँड' लिहून येतं की नाही ते पाहा. फ्रेडरिकच्या खोऱ्यात चुनखडीवर तयार झालेली हॅगरस्टाउन आणि डफील्ड जातीची माती आहे. खोल, निचऱ्याची, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शेतकऱ्याला याहून चांगलं फारसं मिळत नाही. मातीचे वर्ग एक ते आठ असे लावतात. पहिल्या तीन वर्गांतली जमीन किती टक्के, हा आकडा लिहून ठेवा. पुढे लागेल.

आता दोन असे कागद, जे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. पहिला काउंटीचा पाणी-सांडपाणी आराखडा, म्हणजे वॉटर अँड सूअरेज प्लॅन. ज्या जमिनीवर 'नो प्लॅन्ड सर्व्हिस' असं आहे तिथे सार्वजनिक गटार येणार नाही, आणि गटार नाही तिथे दाट वस्ती होत नाही. या आराखड्यात वर्ग बदलण्याचे अर्ज ठरावीक फेऱ्यांत येतात. झोनिंगची सुनावणी असली की हॉल भरतो, गटाराच्या सुनावणीला चिटपाखरू नसतं. मला विचाराल तर गटाराच्या सुनावणीला आधी जा.

दुसरा कागद सेप्टिकचा. २०१२ च्या राज्य कायद्याने प्रत्येक काउंटीची जमीन चार टिअरमध्ये वाटायला लावली. चौथ्या टिअरमध्ये, म्हणजे शेती आणि जंगलाच्या पट्ट्यात, सेप्टिकवर मोठी वसाहत करता येत नाही. तुमच्या शेजारचं शेत कुठल्या टिअरमध्ये आहे ते नकाशावर शोधा. तिसऱ्यात असेल तर डोळ्यांत तेल घालून बसा.

सेप्टिकचं नाव निघालंय तर पर्क टेस्ट, म्हणजे जमिनीत सांडपाणी नीट जिरतं का याची तपासणी, कशी असते ते सांगते, कारण शेतात काहीतरी शिजतंय याची ही डोळ्यांना दिसणारी पहिली खूण. शेताच्या मधोमध एक बॅकहो (खोदायचं यंत्र) येतो. चार-सहा फूट खोल चर खणतो. आरोग्य खात्याचा माणूस काठावर वाकून मातीचे थर बघतो: वर काळसर, खाली पिवळसर, आणि कुठे राखाडी डाग दिसले तर मान हलवतो, कारण राखाडी म्हणजे तिथे पाणी साचून राहतं. मग खड्ड्यात पाणी ओतून ते किती मिनिटांत किती इंच जिरतं ते घड्याळ लावून मोजतात. काही मातींची तपासणी फक्त ओल्या हंगामात, हिवाळा सरताना करतात. जिथे माती या तपासणीत पास होते तिथे छोट्या रंगीत झेंड्या टोचून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात रांगेने झेंड्या दिसल्या की त्याच आठवड्यात काउंटीच्या प्लॅनिंग ऑफिसला फोन करा आणि विचारा, या जमिनीवर सबडिव्हिजनचा (प्लॉट पाडण्याचा) अर्ज आलाय का. ते सांगतात. सांगायला बांधील आहेत.

वेळ कुठली साधायची

रस्त्याच्या कडेला 'कमिंग सून, सिंगल फॅमिली होम्स' असा बोर्ड लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संतापाचा पूर येतो. बोर्ड लागला तेव्हा निकाल केव्हाच लागून गेलेला असतो. झोनिंग बसतं, गटार मंजूर असतं, प्लॅन नियमात असतो. अशा वेळी प्लॅनिंग कमिशनला नाही म्हणायला जागाच उरत नाही. फार तर झाडांची रांग आणि वळणाची लेन मिळते.

खरा निर्णय होतो कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनच्या, म्हणजे अख्ख्या काउंटीच्या विकास आराखड्याच्या वेळी. मेरीलँडमध्ये दर दहा वर्षांनी त्याचा फेरविचार करावाच लागतो. आमचा 'लिव्हेबल फ्रेडरिक' २०१९ चा आहे, आणि त्याच्या पोटात एकेका भागाचे छोटे आराखडे होत असतात. शुगरलोफचा २०२२ मध्ये झाला. त्याची हद्द आय-२७० वर ठेवायची की अर्बानाच्या एक्झिटजवळ थोडी आत घ्यायची, एवढ्या एका रेषेवर भरपूर भांडण झालं. बाहेरच्याला वाटेल, रेषेवरून काय एवढं? त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीचा भाव वेगळा असतो, म्हणून एवढं.

याला कायद्याचं कारणही आहे. एकट्यादुकट्या जमिनीचं झोनिंग मधेच बदलून घ्यायचं तर मेरीलँडच्या कायद्यात मालकाला सिद्ध करावं लागतं की मागच्या वेळी चूक तरी झाली होती, किंवा आजूबाजूचा भाग तरी बदलला आहे. हे अवघड असतं. पण संपूर्ण भागाचं झोनिंग एकदम होतं तेव्हा ही अट नसते. जमिनींचे वकील त्या दिवसाची वाट बघत असतात. तुम्हीही बघा. काउंटीच्या साइटवर ईमेलची नोंदणी असते. प्लॅनिंग कमिशन, काउंटी काउन्सिल आणि आरोग्य खातं, तिन्हींच्या सूचना लावून घ्या. सगळ्या वाचायच्या नाहीत. फक्त रस्त्यांची नावं आणि 'रिझोनिंग', 'अनेक्सेशन', 'टेक्स्ट अमेंडमेंट' हे शब्द शोधायचे. टेक्स्ट अमेंडमेंट दिसायला निरुपद्रवी असते, एका कलमात चार शब्द बदलतात, आणि लागू होते काउंटीतल्या सगळ्या शेतांना.

अनेक्सेशन म्हणजे गावाने, शहराने शेजारची जमीन आपल्या हद्दीत ओढून घेणं. तसं झालं की काउंटीचं झोनिंग तिथून उठतं आणि शहराचं बसतं. इथे एक हत्यार आहे: हद्दीत घेतल्यानंतर पाच वर्षं, काउंटीच्या झोनिंगपेक्षा फारच वेगळा वापर किंवा जास्त दाट बांधकाम करायचं तर काउंटीची स्पष्ट संमती लागते. म्हणून शहराच्या सुनावणीला जाऊन आलात तरी तेवढ्यावर थांबू नका. काउंटी काउन्सिलच्या सात सदस्यांना लिहा की या पाच वर्षांच्या अटीतून सवलत देऊ नका.

सोलरचं वेगळंच आहे. मोठा सोलर प्रकल्प शेतावर येणार असेल तर काउंटीच्या झोनिंगवर सगळा भर देऊ नका. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन काउंटीच्या प्रकरणात सांगितलं की अशा बाबतीत अंतिम शब्द पब्लिक सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे वीज वगैरे सेवांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगाचा. पत्र तिकडे गेलं पाहिजे. डेटा सेंटरचा वाद सध्या सगळ्यात तापलेला आहे. अ‍ॅडम्सटाउनजवळ जुन्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याची जागा त्यासाठी निघाली, आणि माझं मत विचाराल तर कारखान्याची जुनी जागा हेच अशा कामाचं ठिकाण. कुंपण तिथून सरकत शेजारच्या शेतात यायला लागलं की मग उभं राहायचं.

तीन मिनिटं

सुनावण्या फ्रेडरिक शहरात विंचेस्टर हॉलमध्ये होतात. नाव नोंदवायचं, हाक आली की माइकशी जायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, आणि समोरचं घड्याळ उलटं मोजायला लागतं. साधारण तीन मिनिटं मिळतात. आपली माणसं त्यातलं पहिलं मिनिट आभार मानण्यात आणि आपण इथे केव्हा आलो हे सांगण्यात घालवतात. दुसऱ्या मिनिटाला ट्रॅफिक. घंटा वाजते तेव्हा मुद्दा यायचाच असतो.

त्याऐवजी असं बोला: "मी अमुक अमुक, पत्ता तमुक. अजेंड्यावरच्या चौथ्या प्रकरणात ऐंशी एकर वस्तीच्या वाढीसाठी ठरवलेल्या हद्दीत घ्यायचे आहेत, ते घेऊ नका. यातली सत्तर टक्के माती प्राइम आहे, सॉइल सर्व्हेची प्रत जोडली आहे. तिन्ही बाजूंना कायमची राखलेली शेतं आहेत, नकाशा जोडला आहे. आणि सध्याच्या हद्दीच्या आत मोकळी जमीन अजून बाकी आहे, तुमच्याच स्टाफ रिपोर्टच्या अमक्या पानावर लिहिलंय." बस. एका मिनिटात झालं. उरलेल्या दोन मिनिटांत शेजारच्या शेतकऱ्याला बोलू द्या. त्याचा एक शब्द तुमच्या दहा शब्दांना भारी आहे.

नकाशे आणि प्रती लेखी द्याच. ज्या प्रकरणांत नंतर कोर्टात दाद मागता येते तिथे तुम्ही नव्याने पुरावा मांडू शकत नाही, सुनावणीच्या रेकॉर्डवर जे आहे तेवढंच कोर्ट बघतं. मुदतही छोटी असते, तीस दिवस. जे रेकॉर्डवर नाही ते झालंच नाही असं धरून चाला.

एक मुद्दा सगळे वापरतात, मी जपून वापरते. अमेरिकन फार्मलँड ट्रस्टने अनेक गावांचे हिशेब गोळा केले. त्यात मधला आकडा असा की निवासी भागातून कराचा एक डॉलर आला तर तिथल्या सेवांवर १ डॉलर १६ सेंट खर्च होतात, आणि शेत-जंगलातून एक डॉलर आला तर साधारण ३५ सेंट. हिशेब खरा आहे. पण "गाई शाळेत जात नाहीत" असं म्हणून टाळ्या घेणं म्हणजे मुलं असलेल्या कुटुंबांना नको म्हणणं, आणि हॉलमध्ये बसलेल्या अर्ध्या लोकांची मुलं शाळेत असतात. खर्चाचा आकडा द्या, तो टोमणा राहू द्या.

शेतकऱ्याला काय मिळणार

हा भाग सावकाश वाचा, कारण शेतं वाचवायला निघालेली मंडळी इथेच घसरतात. आपल्याला दिसतो तो हिरवा पट्टा ही कोणाची तरी आयुष्यभराची कमाई आहे. दुधाच्या भावात वर खाली होत राहिलेल्या माणसाकडे पेन्शन नसते, असते ती जमीन. २०२२ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ निघालं. मुलगा गावात नाही, गुडघे बोलतायत, आणि दारात चेकबुक घेऊन माणूस उभा आहे. अशा वेळी त्याला "तुमच्या शेतामुळे आमचा व्ह्यू छान आहे" म्हणू नका.

त्याला पर्याय आहे, आणि तो त्याला कोणी नीट समजावलेला नसतो. त्याचं नाव कॉन्झर्वेशन ईझमेंट. शेतकरी जमीन विकत नाही, तिच्यावर घरं बांधण्याचा हक्क तेवढा विकतो. समजण्यापुरते आकडे घेते: शंभर एकर आहेत. बिल्डरच्या बाजारात एकरी बारा हजार डॉलर, आणि फक्त शेतीसाठी कोणी घेतलीच तर एकरी पाच हजार. मधला फरक सात हजार, म्हणजे शंभर एकरांना सात लाख डॉलर. ईझमेंटची किंमत या फरकावरून निघते. (प्रत्यक्षात अर्जांची स्पर्धा असते आणि बरेच शेतकरी फरकापेक्षा कमी रक्कम मागतात, म्हणजे नंबर लवकर लागतो.) पैसे हातात येतात, जमीन त्याचीच राहते, तो ती पिकवू शकतो, भाड्याने देऊ शकतो, मुलांना देऊ शकतो, विकूही शकतो. घरांची वसाहत मात्र तिथे पुन्हा कधीच होऊ शकत नाही. मालक बदलला तरी बंधन जमिनीबरोबर जातं.

मेरीलँडमध्ये या कामाचा राज्याचा निधी १९७७ पासून आहे, 'मॅल्फ' म्हणतात त्याला. अटी ढोबळ अशा की सलग पन्नास एकर हवेत आणि निम्मी तरी माती पहिल्या तीन वर्गांतली. मघाशी लिहून ठेवलेला आकडा इथे लागतो. पन्नास एकर नसतील तर आधीच राखलेल्या शेताला लागून असेल तर विचार होतो, विचारून घ्यावं. काउंटीच्या स्वतःच्या योजना वेगळ्या. फ्रेडरिकची एक हप्त्यांची आहे. हप्त्यांची कल्पना मेरीलँडमध्येच हॉवर्ड काउंटीने १९८९ मध्ये आणली: मुद्दल शेवटी, मधल्या वर्षांत करमुक्त व्याज. ज्याला एकदम मोठी रक्कम घेऊन कर भरायचा नाही त्याला हे सोयीचं. केंद्राचा कृषी विभागही २०१४ च्या फार्म बिलापासून एका एकत्र योजनेतून ईझमेंटच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत पैसे देतो. आणि कोणी हक्क दान दिला किंवा कमी किमतीत दिला तर आयकरात वजावट मिळते: उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, खऱ्या शेतकऱ्याला १०० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची पंधरा वर्षं ओढता येते.

या सगळ्यासाठी निधी येतो कुठून? त्यातला एक झरा मला फार आवडतो. शेतजमीन शेतीबाहेर गेली की मेरीलँडमध्ये हस्तांतर कर लागतो, वीस एकर किंवा जास्त असेल तर मूळ दर पाच टक्के, वर अधिभार. तो पैसा शेतं राखायलाच जातो.

तुमचं काम इथे दलालाचं नाही. शेतकऱ्याला काउंटीच्या लँड प्रिझर्वेशन ऑफिसचा नंबर द्या आणि बाजूला व्हा. फार तर तीन गोष्टी कानावर घाला. वकील आणि सीपीए (हिशेब आणि कर बघणारा) स्वतःचे घ्या, ईझमेंट घेणाऱ्या ट्रस्टने सुचवलेले नको. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी मागा, कारण बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या खाली ठेवायला हवा आणि ते पत्र यायला उशीर लागतो. आणि मुलाला उद्या तिथे घर बांधायचं असेल तर तो एक प्लॉट करारातच राखून ठेवा. सही झाल्यावर 'आम्हाला वाटलं होतं' चालत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकणं, नवा नाही. इथे त्याचा उपयोग शेतांसाठी करतात. आमच्या शेजारच्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखून ठेवला. तिथे पंचवीस एकरांना एक घर एवढीच परवानगी ठेवली, आणि मोबदला म्हणून दर पाच एकरांना एक हक्क शेतकऱ्याला दिला, जो तो शहराजवळच्या बिल्डरला विकू शकतो. बिल्डर तिकडे जास्त मजले चढवतो. वॉशिंग्टनच्या वेशीवर अजूनही गवताचे भारे दिसतात ते यामुळे.

यातून एक अप्रिय गोष्ट निघते, ती आपल्या लोकांना पटवणं मला सगळ्यात जड जातं. शेतं हवी असतील तर स्टेशनजवळ, मेन स्ट्रीटवर, रिकाम्या मॉलच्या पार्किंगवर अपार्टमेंट होऊ द्यावी लागतात. सोमवारी शेत वाचवा म्हणून सही करायची आणि गुरुवारी कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीला विरोध करायला जायचं, हे चालत नाही. फार्मलँड ट्रस्टच्याच मोजणीत २००१ ते २०१६ मध्ये देशात १ कोटी १० लाख एकर शेतजमीन गेली किंवा तुकड्यांत अडकली, आणि त्यातला मोठा वाटा शहरांनी खाल्लेला नाही. पाच-दहा एकरांत एकेक बंगला, मधे भलंमोठं लॉन, अशा विरळ वस्तीने खाल्लाय. आपल्यातल्या अनेकांचं स्वप्नातलं घर नेमकं तेच असतं.

शेताचा शेजारी म्हणून

कायद्याने राखलेलं शेतही शेजाऱ्यांच्या जाचाने बंद पडू शकतं. सगळ्या पन्नास राज्यांत राइट टू फार्मचे कायदे आहेत. आमच्याकडे घर घेताना त्याची सूचना कागदांत असते, कोणी वाचत नाही. वसंतात शेण पसरतात, वास येतो, दोन-चार दिवसांत जातो. त्यासाठी काउंटीला फोन करू नये. बाहेरची पार्टी असेल तर आधी शेतकऱ्यालाच विचारावं की कधी पसरणार आहात. बहुतेक जण दिवस मागे-पुढे करतात.

बागेतल्या छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकणं हे सगळ्यात वाईट. आपल्याला वाटतं, गाई खातील. यू नावाचं सदाहरित झुडूप घराघरांपुढे लावलेलं असतं, त्याची मूठभर छाटणी गाईचा जीव घेऊ शकते. अझेलिया विषारीच. रानचेरीची पानं झाडावर असतात त्यापेक्षा फांदी तुटून कोमेजली की जास्त घातक, कारण त्यात सायनाइड तयार होतं. वादळात तुमच्या झाडाची फांदी त्यांच्या कुरणात पडली तर मेसेज नको, लगेच फोन. वाढदिवसाचे चंदेरी फुगे सोडू नका, ते गवताच्या भाऱ्यात सापडतात. कुत्रा साखळीवर. गोल्फचे चेंडू शेतात मारणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

ऑक्टोबरात कम्बाइन (कापणीचं यंत्र) रस्त्यावर येतं तेव्हा ते अख्खी लेन आणि वर थोडं असं घेऊन ताशी वीस मैलांनी चालतं. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, आत ऐकू येत नाही. चालवणारा पहिली बरी जागा दिसली की बाजूला घेतो. डावीकडे वळायला तो आधी उजवीकडे झुकतो, तेव्हा 'वाट दिली' समजून ओव्हरटेक करायला जाऊ नका. गावाकडच्या रस्त्यांवर अपघात होतात ते बरेचसे याच समजुतीने.

राहिली बजेटची गोष्ट. काउंटीने २०४० पर्यंत एक लाख एकर राखायचं लक्ष्य ठेवलंय, पण ईझमेंटसाठी अर्ज नेहमी पैशांपेक्षा जास्त असतात आणि रांगेत मागे राहिलेला शेतकरी पुढच्या वर्षापर्यंत थांबेलच असं नाही. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून काउंटी एक्झिक्युटिव्हचं बजेट आणि त्यावरच्या सुनावण्या वसंतात असतात. शाळा, पोलीस, लायब्ररी यांच्यासाठी बोलायला माणसं येतात. जमीन राखण्याच्या ओळीसाठी आमच्याकडून मोजकेच येतात, आणि त्यात मराठी अजून फार नाहीत. तारखा एप्रिलच्या आधी साइटवर लागतात. नाव ऑनलाइन नोंदवता येतं, घरून फोनवरही बोलता येतं, आणि तेही नको असेल तर चार ओळींची ईमेल सातही सदस्यांना पाठवा. विषयात फक्त 'लँड प्रिझर्वेशनचं बजेट' आणि तुमचा झिप कोड लिहा.